शिवऱ्याचा रस्ता आणि पांच गड

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी कात्रजचा घाट उतरून खेड-शिवापूर मागें टाकतो, तेव्हां भोर तालुक्यांतील शिवरें हें गांव लागतें. तेथें थांबण्याचें कारण बहुतेकांस पडत नाहीं. महामार्गावरून मोटारी धांवत असतात, पिवळ्या माथ्याचे किलोमीटरचे दगड मागें पडत असतात, आणि मधूनच एखादी पाटी अमुक गड इतक्या अंतरावर आहे एवढें सांगून जाते. ह्या दगडांविषयीं व पाट्यांविषयीं, आणि त्या ज्यांच्याकडे बोट दाखवितात त्या गडांविषयीं, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

रस्त्याच्या कडेला खूण उभारणें ही मूळची राज्यकर्त्यांची गरज. रोमन बादशहांनीं आपल्या रस्त्यांवर मैलाचे दगड रोवविले व त्यांवर आपलीं नांवें कोरविलीं. उत्तर हिंदुस्थानांत मोगलांनीं आग्रा, दिल्ली व लाहोर यांच्या मार्गांवर कोसाकोसाला मिनार बांधले. इंग्रजी अमदानींत मैलाचे दगड आले. पुढें १९५६ सालच्या कायद्यानें दशमान मापें सुरू झालीं आणि मैलाची जागा किलोमीटरनें घेतली. धनी बदलले, मापें बदललीं. खुणेचें काम मात्र एकच राहिलें, आणि तें म्हणजे वाट ठाऊक नसलेल्यास वाट दाखविणें.

आमच्या दुर्गांचें शास्त्र नेमकें याच्या उलट होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत दुर्गांसंबंधीं स्वतंत्र प्रकरण आहे. गडावर येणारी वाट सोपी असूं नये. असलीच तर ती मोडावी, तिच्यावर झाडी वाढूं द्यावी व दुसरी अवघड वाट काढावी. अडचणीच्या प्रसंगासाठीं चोरवाटा राखाव्या, असा त्यांतील उपदेश आहे. मोकळ्या मुलखांत मोठी फौज हलविणाऱ्यास वाट सांगणारा मिनार हवा. डोंगरांत थोड्या माणसांनिशीं राज्य राखणाऱ्यास वाट लपविणारी झाडी हवी. गडाकडे नेणारा जुना कोसाचा दगड ह्या मावळांत आढळावा, अशी अपेक्षाच करणें चुकीचें होय. येथें आपल्या माणसांना खूण एकच होती, ती म्हणजे दूरवरून दिसणारा गड.

आतां शिवऱ्यास उभें राहून दिशा मोजाव्या. वायव्येस सिंहगड, म्हणजे जुना कोंढाणा. खेड-शिवापुराहून कोंढणपुरावरून त्याची वाट. पूर्वेस, किंचित् आग्नेयेकडे, पुरंदर. कापूरहोळाहून नारायणपुरावरून तिकडे जातां येतें. दक्षिणेस भोरजवळचा रोहिडा. नैर्ऋत्येस राजगड आणि त्याच्या पलीकडे तोरणा; ह्या दोहोंसाठीं नसरापुराजवळ चेलाडीच्या फांट्यावर वेल्ह्याकडे वळावें लागतें. हवा स्वच्छ असली म्हणजे राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून बाकीचे चारहि गड दृष्टीस पडतात. एका गडावर दुसऱ्याची नजर, हीच त्यांची रचना.

ह्या रचनेचा अर्थ जून १६६५ मध्यें जितका उघड झाला तितका क्वचितच झाला असेल. मिर्झाराजे जयसिंह व दिलेरखान यांनीं पुरंदरास वेढा घातला, वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थीं पडले; आणि पुरंदरच्या तहानें शिवाजीमहाराजांना चार लक्ष होनांच्या मुलखासह तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. एक लक्ष होनांचा मुलूख व बारा किल्ले तेवढे जवळ राहिले. आपल्या पांच गडांना हा हिशेब लावून पाहा. पुरंदर गेला, कोंढाणा गेला, रोहिडा गेला. राजगड व तोरणा राहिले. शिवऱ्याच्या उत्तरेस, पूर्वेस आणि दक्षिणेस असलेला प्रत्येक गड परक्याचा झाला. राजगड त्या वेळीं राजधानी होता. त्याच्या बालेकिल्ल्यावरून तिन्ही गड रोज दिसत असतील, आणि त्यांवरचें निशाण आपलें नसेल! ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं प्राण वेंचून कोंढाणा घेतला, त्या पराक्रमाचें मोल ह्या नकाशावांचून पुरतें कळावयाचें नाहीं. पुढच्याच महिन्यांत पुरंदरहि परत आला.

हें आज बोलण्याचें कारण असें. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांच्या लष्करी स्थळांतील बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घातले. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत असून बारावा तामिळनाडूंतील जिंजी आहे. आपल्या पांचांपैकीं ह्या यादींत राजगड एकटा आहे. त्याचा आनंद सर्वांस आहेच. परंतु मानाची पाटी एकाच गडाला लागली, म्हणजे प्रवाशाची दृष्टि त्या एकावर खिळते आणि उरलेले चार केवळ सहलीचीं ठिकाणें होऊन बसतात. वस्तुतः ज्यांच्यामुळें राजगडाला राजधानीपण पेलतां आलें, ते शेजारचेच गड होत. युनेस्कोनेंहि सन्मान केला तो सुट्या वास्तूंचा नव्हे, एका लष्करी व्यवस्थेचा. ती व्यवस्था ह्या रस्त्यावर अर्ध्या तासांत डोळ्यांनीं पाहतां येते. फक्त कोणीं तरी ती सांगावयास हवी.

रस्त्यावरील पाटी लहान असते आणि मोटारींतल्या माणसाला ती वाचावयास फार वेळ नसतो, हें खरें. तरी महामार्गावर नको असेल तर चेलाडीच्या, कापूरहोळच्या आणि खेड-शिवापूरच्या फांट्यांवर, जेथें माणूस क्षणभर थांबतोच, तेथें एकेक साधा फलक पुरे आहे. त्यावर पांचहि गडांच्या दिशा दाखवाव्या, आणि प्रत्येक नांवापुढें अंतराच्या आंकड्याबरोबर एवढेंच लिहावें, कीं जून १६६५ मध्यें हा गड राहिला कीं गेला, आणि गेला असल्यास केव्हां परत आला.