थट्टेपलीकडील चित्रें

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या १९९३ सालच्या एका भागांत क्रस्टी विदूषकाच्या कार्यक्रमांतील मांजर-उंदराचीं लोकप्रिय व्यंगचित्रें प्रतिस्पर्धी पळवितो. त्यांच्या जागीं क्रस्टी पूर्व युरोपांतील ‘कामगार आणि बांडगूळ’ ही जोडी दाखवितो. वेड्यावांकड्या आकृति थरथरतात. अर्थ कांहीं लागत नाहीं. स्वतः क्रस्टीहि अवाक् होतो.

विनोद मार्मिक खरा. परंतु त्यावरून मूळ कलेची पारख करूं नये. झाग्रेबच्या दुशान वुकोटिचच्या ‘सुरोगाट’मधील आकृतिहि कोनाकोनाच्याच, पण तेथील गृहस्थ समुद्रकिनाऱ्यावर प्रेयसीसुद्धां हवा भरून तयार करतो, हें पाहतांना अर्थ शोधावा लागत नाहीं. १९६२ सालीं त्याला ऑस्कर मिळालें. प्रागच्या यिर्झी त्रन्काचा ‘हात’ (१९६५) हा तर बाहुलीपट: एक अजस्र हात आपलीच मूर्ति घडविण्यासाठीं कुंभाराला छळतो. १९६९ सालीं त्रन्का निवर्तल्यावर त्यावर बंदी आली.

जें सत्तेला इतकें झोंबलें, तें निरर्थक कसें म्हणावें? नक्कल पाहून खुशाल हंसावें. मात्र मूळ पाहिल्यावांचून निवाडा देऊं नये.