चित्रापासून अक्षराकडे
(भिवंडी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले व १९४२ साली तेथेच निवर्तले. रुग्णसेवेच्या धकाधकीत, प्रौढ वयात, त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. त्या भाषेच्या लिपीत वर्णमाला नाही. नवशिक्याला तिची पहिली ओळख बहुधा चित्रांतून करून दिली जाते. ही रीत पहिलीच्या वर्गालाही बोधप्रद आहे.

झाडाला चिनी भाषेत ‘मू’ म्हणतात. त्याच्या अक्षरात एक उभी रेघ, तिला छेदणारी एक आडवी रेघ आणि खाली दोहों बाजूंस उतरणाऱ्या दोन तिरप्या रेघा असतात; म्हणजे खोड, फांद्या आणि मुळे. अशी दोन झाडे शेजारी काढली की राई होते, तीन काढली की अरण्य. झाडाशेजारी माणूस काढला की अर्थ होतो ‘विसावा’. ज्या वारली मुलाने घराच्या भिंतीवर रेघांची झाडे व माणसे पाहिली आहेत, त्याला हे सहज उमगेल.

परंतु ही वाट फार दूर जात नाही. ‘आई’ या अर्थाच्या अक्षरात डावीकडे स्त्री व उजवीकडे घोडा असतो. आईचा घोड्याशी संबंध कोणता? काहीच नाही. घोड्याला ‘मा’ म्हणतात आणि आईलाही, सूर तेवढा निराळा. स्त्री अर्थ सुचविते, घोडा केवळ उच्चार. बहुसंख्य चिनी अक्षरे अशीच अर्थ व उच्चार यांच्या उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेली आहेत. निव्वळ चित्रे थोडी. इ. स. १००च्या सुमारास शू शन् या पंडिताने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला, त्यातही हा भेद सांगितला आहे.

आता पहिलीचा वर्ग पाहावा. तक्त्यावर ‘अ’ व शेजारी अननस. मूल ‘अननस’ म्हणते आणि गुरुजी संतुष्ट होतात. पण मुलाने वाचले काय, अक्षर की चित्र? चिनी झाड झाडच सांगते. ‘अ’ मात्र अननस सांगत नाही, तो ध्वनी सांगतो. म्हणून शिक्षकाने चित्र झाकावे आणि ‘अळू’, ‘अडसर’ या शब्दांतील तोच ‘अ’ मुलाकडून शोधून घ्यावा. चित्र झाकताच जे मूल गप्प होते ते मंद नव्हे. त्याची अक्षराशी अद्याप गाठ पडलेली नाही, इतकेच. ती गाठ पहिलीतच घालून दिली नाही, तर ते मूल पाठ केलेले धडे म्हणत चौथीपर्यंत जाईल, आणि त्याला वाचता येत नाही हे कोणाच्या ध्यानीही येणार नाही.