तेजोमेघाचे छायाचित्र खरे की खोटे?



गेल्या हिवाळ्यात आम्ही शाळेच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातील तेजोमेघाची छायाचित्रे घेतली. ती पाहून एक पालक म्हणाले, "सर, दुर्बिणीतून तर करडा धूर दिसला. चित्रात हा गुलाबी रंग आला कुठून? मुलांना खोटे दाखवू नका."

प्रश्न अगदी रास्त आहे. मी भाषेचा शिक्षक. तरी उत्तर देणे माझे काम आहे.

अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, आणि डोळा प्रकाश साठवूनही ठेवीत नाही. कॅमेरा साठवतो. मेघातील तप्त हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतो. तो तेथे खरोखरच आहे. उलट साध्या डिजिटल कॅमेऱ्यातील गाळणी यातील बराचसा तांबडा अडवते. म्हणजे आमच्या चित्रात रंग आहे त्याहून कमीच उतरला!

इ.स. ९६४ च्या सुमारास अल-सूफी यांनी देवयानी तारकासमूहात एक लहानसा ढग नोंदवला. ती दीर्घिका आहे हे १९२० च्या दशकात हबल यांनी सिद्ध केले. अल-सूफींजवळ केवळ डोळे होते. दिसले तेवढेच त्यांनी लिहिले.

मृगातील मेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ घेतले. काच ५१ मिनिटे उघडी होती. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सेकंदाला १५ विकला सरकतात. दुर्बीण तितक्याच गतीने फिरवली नाही तर ताऱ्याची रेघ होते. आमच्या दुर्बिणीला मोटार आहे, पण दीर्घकाळ भरवसा ठेवण्याजोगी नाही. म्हणून ३० सेकंदांची ६४ चित्रे घेऊन संगणकावर एकावर एक बसवली. त्याने चित्रातील खरखर आठपटीने घटते. मग अंधुक भाग उजळला. हा फेरफार आहेच, आणि तो चित्राखाली लिहिलाच पाहिजे. नसलेला तारा घालणे मात्र लबाडी.

त्या पालकांना आम्ही एक सुटे चित्र आणि अखेरचे चित्र शेजारी ठेवून दाखवले. सुट्यातही फिकी गुलाबी छटा होती. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "मुलींना किती वाजेपर्यंत थांबावे लागेल?"

दहापर्यंत. सोबत घरचे एक माणूस यावे. चहाची सोय आहे.