दुखणे जांघेचे, अडचण जिभेची

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषणाचा विषय "जांघेचे जुने दुखणे" असा मी कळवला, तेव्हा आपल्या चिटणीसबाई क्षणभर घुटमळल्या. म्हणाल्या, "फळ्यावर नुसते 'पायाचे दुखणे' लिहिले तर चालेल का हो?" त्यांना मी बोल लावत नाही. पण फिजिओथेरपीच्या कामात मी हेच पाहत आले आहे. डोके दुखले की आपण चारचौघींत सांगतो. जांघ दुखली की म्हणतो, "पायात जरा लचक भरली आहे."

मागे एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी खो-खो खेळणारी. आई म्हणाली, "हिचा गुडघा दुखतो." मी मुलीला निजवले, गुडघे वाकवायला सांगितले, त्यांच्यामध्ये माझी मूठ धरली आणि म्हटले, "दाब जोराने." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "कुठे दुखलं ग?" तर तिने बोट ठेवले ते मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी वर. पाच महिने ती हे सोसत होती. मैदानावर शिकवणारे सर पुरुष, घरी वडील आणि आजोबा. सांगायचे कुणाला आणि कोणत्या शब्दांत? दुखले की आठवडाभर खेळ बंद, थांबले की पुन्हा मैदान, आणि चार दिवसांत पुन्हा तेच.

असे का होते? मांडीच्या आतून काही स्नायू वर जातात आणि ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाला चिकटतात. पाय एकमेकांकडे ओढून घेणे आणि शरीराचा तोल सावरणे हे त्यांचे काम. खो मिळताच उसळून धावणे, हुलकावणी देणे, कबड्डीत पाय लांबवणे, फुटबॉलला लाथ मारणे, या सगळ्यांत त्यांच्यावर ताण पडतो. ताण बळापेक्षा जास्त झाला की दुखणे जडते. विश्रांतीने ठणका थांबतो. पण स्नायूचे बळ काही वाढत नाही, उलट घटते. म्हणून खेळायला लागले की दुखणे परत हजर!

डेन्मार्कमधल्या पेर होल्मिक या डॉक्टरांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा दुखण्याच्या ६८ पुरुष खेळाडूंचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला मालिश, ताणणे आणि यंत्राने करायचे उपचार दिले. दुसऱ्याकडून ८ ते १२ आठवडे बळ वाढवणारा व्यायाम करून घेतला. ज्यांनी उपचार पुरे केले, त्यांपैकी व्यायामाच्या गटातले २९ पैकी २३ जण न दुखता खेळू लागले. दुसऱ्या गटातले ३० पैकी फक्त ४!

व्यायामाची सुरुवात अगदी साधी आहे. उताणे निजावे, गुडघे वाकवावे, मध्ये चेंडू किंवा घट्ट उशी धरून हळूहळू दाबावी. दहा सेकंदांपासून आरंभ करून तीस सेकंदांपर्यंत जावे. एक दिवसाआड करावे. थोडे दुखले तर घाबरू नये. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर जोर कमी करावा. पुढचे व्यायाम मात्र जाणत्या माणसाकडूनच शिकावेत.

आता त्या आईची गोष्ट. मुलीचे सगळे सांगून झाल्यावर ती दाराशी थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझंही तिथंच दुखतं. दोन वर्षं झाली." ती रोज पहाटे टेकडी चढणारी बाई. पण मांडी घालून बसता येईना, पायाची नखे काढता येईनात. तिचे दुखणे स्नायूचे नव्हते; खुब्याचा सांधा झिजू लागला होता. खुबा दुखतो तो पुष्कळदा जांघेतच, कधी कधी गुडघ्यातही. म्हणून मुलीचा व्यायाम आईला जसाच्या तसा लागू नाही. आधी निदान, मग उपचार.

काही खुणांना तर मुळीच थांबू नये. खोकताना जांघेत फुगवटा दिसला तर अंतर्गळाची शंका घ्यावी. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, किंवा पाय टेकताच कळ येऊन लंगडणे, यांसाठी लगेच डॉक्टर गाठावा. फार धावणारी, कमी खाणारी आणि पाळी चुकत असलेली मुलगी जांघ दुखते म्हणाली, तर मांडीच्या हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. तिथे व्यायाम नव्हे, आधी तपासणी.

ती मुलगी चौथ्या महिन्यात मैदानावर परतली. आईचे वजन थोडे उतरले, कमरेचे व्यायाम चालू आहेत. टेकडी अर्धी चढते, पण चढते.

तेव्हा भगिनींनो, घरी गेल्यावर एवढेच करा. आपल्या मुलीला आणि सासूबाईंनाही विचारा, "नेमकं कुठं दुखतं?" आणि त्यांनी जागेचे नाव घेतले, तर दार लोटून घेऊ नका, कान द्या.

चिटणीसबाईंनी अखेर फळ्यावर खरा विषय लिहिला.