टीपॉयची चकाकी



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. म्हणून मी विषयही घरातलाच घेतला आहे: बाहेरच्या खोलीतला टीपॉय. खाली वाकवलेल्या पोलादी नळीचे चकचकीत पाय, वर काच. पाहुणा आला की त्याच्यावर चहा ठेवायचा.

आधी शब्दच पाहा. तीन पायांची ती तिपाई. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि उच्चारात चहा शिरवला, त्याचा ‘टीपॉय’ झाला. आपला माणूस विलायतेला जाऊन कोट घालून परत यावा, तसा तो परत आला. आता चार पायांच्या मेजालाही आपण टीपॉयच म्हणतो.

ही नळीची घडण जर्मनीतली. 1925 साली मार्सेल ब्रॉयर या तरुणाने सायकलचे हँडल पाहिले आणि तशाच नळीची खुर्ची केली. दोनच वर्षांनी आयलीन ग्रे या आयरिश बाईने नळी आणि काच यांचे एक लहान मेज आखले. त्याची उंची कमीजास्त करता येते. पलंगावर बसून न्याहारी करायलाही ते सोयीचे. कोरीव नक्षी नको, वस्तू कारखान्यात पुष्कळ व्हावी, साध्या माणसाला परवडावी, हा त्या पिढीचा विचार होता. आपल्याकडे कुलुपांनी सुरुवात केलेल्या गोदरेजने 1923 पासून पोलादी कपाटे केली आणि पत्र्याचे, नळीचे सामान कचेऱ्यांतून घरांत आले. भांड्यांसाठी नावाजलेल्या नगरच्या तांबटांना धातू वाकवणे नवे नव्हते. नवी होती ती काचेशी सोयरीक.

काचेचा इतिहास तर आपल्या अभिमानाचा आहे. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसाफंडाने 1908 साली तळेगावला काच कारखाना काढला. ओगले बंधूंचा कारखाना 1916 चा. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने खेडोपाडी उजेड केला. पण कंदिलाची काच फुंकून होते, मेजाची सपाट काच तशी होत नाही. ती पूर्वी रसातून वर ओढून काढीत, म्हणून तिच्यात बारीक लाटा राहत. लाटा नको असतील तर दोन्ही अंगांनी घासून पॉलिश करावी लागे, आणि ती महाग पडे. 1959 साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगवण्याची रीत जाहीर केली, आणि घासण्याचे कामच गेले. आपल्या देशात ही काच 1990 च्या दशकात होऊ लागली. जुन्या टीपॉयमध्ये दिव्याचे प्रतिबिंब जरा डोके हलवून पाहा. ते लचकले, तर काच जुन्या रीतीची समजा.

आज अशा जुन्या वस्तूंना किंमत आली आहे. चंदीगडसाठी 1950 च्या दशकात केलेल्या खुर्च्या परदेशच्या लिलावात लाखोंना जातात. त्यावर आखणाऱ्या पियर जनरे यांचे नाव असते. रंधा मारणाऱ्या सुतारांची नावे बहुधा कोणी टिपलीच नाहीत. नाव राहिले नाही, हे दुःख मी एक वेळ सोसेन. पण आरोग्यही राहू नये?

टीपॉयच्या पायावरची चकाकी निकेलवर चढवलेल्या क्रोमची असते. तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. क्रोमिक आम्लाच्या टाकीत वीज सोडली की बुडबुडे येतात, फुटतात आणि आम्लाची वाफ कामगाराच्या तोंडावर येते. हातांवर फोड उठतात, ते खोल चरत जातात. नाकातल्या पडद्याला भोक पडते. फुप्फुसाच्या कर्करोगाशीही या क्रोमचा संबंध सिद्ध झालेला आहे. एका प्लेटिंगच्या दुकानातला पोरगा मला म्हणाला, “दादा, नाक दुखत नाही, नुसती शिटी वाजते.” दुखत नाही म्हणूनच हा रोग उशिरा कळतो.

औषध काही चंद्रावरून आणायचे नाही. टाकीच्या काठाशी वाफ ओढून घेणारा पंखा, आम्लावर फेस धरणारे द्रव्य, हातमोजे, आणि नाकाची वेळच्या वेळी तपासणी. कमी घातक अशा दुसऱ्या जातीच्या क्रोमची टाकीही आता मिळते. 1948 च्या कारखाना कायद्याने क्रोमचे व्रण कळवण्याजोग्या रोगांत घातले होते. पण त्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसे असली की कारखाना होत असे. 2020 च्या संहितेने तो आकडा वीस केला. प्लेटिंगची पुष्कळ दुकाने पाच-सात माणसांची. रोग मात्र डोकी मोजून येत नाही!

मालक म्हणतो, पंखा बसवला तर दर वाढेल, गिऱ्हाईक शेजारी जाईल. तो अगदीच खोटे बोलत नाही. म्हणून एकट्या मालकाला शिव्या देऊन भागत नाही. एका पेठेतल्या, एका वसाहतीतल्या सगळ्या दुकानांना एकच नियम हवा, आणि त्यासाठी त्या पाच-सात जणांनी शेजारच्या पाच-सात जणांना धरून संघटना केली पाहिजे.

डॉक्टर मंडळींनाही एक विनंती. रामाझिनी या इटालियन वैद्याने 1700 सालच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा: तुम्ही काम काय करता? आपल्या दवाखान्यांत हा प्रश्न ऐकू येऊ द्या.

आणि आपण गिऱ्हाईक. जुना टीपॉय मोडीत घालू नका. नळी चांगली असेल तर तो आणखी एक पिढी टिकेल. पुन्हा क्रोम चढवायला नेलात, तर दुकानात डोकावून पाहा, पंखा फिरतो का. फिरत असेल तर दरात घासाघीस करू नका. फिरत नसेल तर कारण विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याच्या आधी पंखा लागतो, हा माझा अनुभव आहे. चकाकी आपल्याला हवी, तर तिचा दाम आपणच दिला पाहिजे. तो कोणाच्या नाकातून वसूल होता कामा नये.