मोडीत न मिळणारी घडणावळ

अचलपूरहून बोलतोय. आजचा विषय चांदी. भाव नाही सांगणार, घडणावळीबद्दल बोलणार आहे.

आपल्या वऱ्हाडात चांदी म्हटलं की खामगाव. जुनी वस्तू मोडीत घातली की सराफ वजन करतो, घट कापतो, भाव लावतो. घडणावळ परत मिळत नाही. हिशेब म्हणून ते बरोबरच. पण एखाद्या समाजाचा सगळा प्रवास त्या घडणावळीतच लिहिलेला असला तर?

बेने इस्रायल घ्या. कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून: दिवेकर, पेणकर, किहीमकर. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं.

सिनेगॉगमधली सगळ्यात पवित्र वस्तू म्हणजे तोरा. चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरं. एक अक्षर चुकलं, तर दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला चालत नाही. पण गंमत बघा, त्या गुंडाळीवरची चांदी कशी घडवायची, याला असा पक्का नियम नाही. धर्मकार्याची वस्तू सुंदर असावी, एवढीच अपेक्षा. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: कोड लॉक, थीम मोकळी.

मग थीम कुठून यायची? जिथे राहतोय, तिथून.

युरोपात अनेक शहरांत सोनार-चांदीकारांच्या संघांमध्ये ज्यूंना प्रवेशच नव्हता. त्यामुळे त्यांची पूजेची चांदी बरेचदा ख्रिस्ती कारागीर घडवायचे. शनिवार संपताना सुगंधी मसाल्याची डबी हुंगतात. जर्मनीत ती डबी थेट बुरुजासारखी झाली, वर छोटा झेंडासुद्धा! बरोक शैलीचा काळ आला, तसे तोरासमोर टांगायच्या चांदीच्या पत्र्यावर पीळदार खांब, पानं, सिंह आले.

इराकची तऱ्हा वेगळी. तिथे तोरा कापडात नाही, तर गोल, कडक पेटीत ठेवतात. तिला 'तिक' म्हणतात. पेटी उभी उघडतात आणि उभीच वाचतात. वर चांदीची दोन टोकं, नाव 'रिम्मोनिम', म्हणजे डाळिंबं. त्यांना घुंगरं असतात. तोरा बाहेर काढली की छुमछुम ऐकू येते. वाचताना अक्षराला बोट लागू नये म्हणून 'याद' असते, टोकाला छोटा हात असलेली कांडी. बगदादचे ज्यू मुंबई-पुण्यात आले, तेव्हा ही रीतही सोबत आली. त्यांच्यातले डेव्हिड ससून यांनी पुण्यात बांधायला घेतलेलं लाल देऊळ अजून उभं आहे.

आणि आपलं मराठी घर? शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेचा पेला भरायचा, पण त्यात वाइनऐवजी बेदाण्यांचं सरबत. मलिदा करायचा, तर थाळीत पोहे, खोबरं, साखर आणि फळं. प्रार्थना हिब्रू, थाळी कोकणची. यात भेसळ कोणती? मला तर हाच पुरावा वाटतो, की ही माणसं इथलीच होती.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. भारतात आता काही हजारच उरलेत. अशा वेळी एखादा पेला वितळला, तर चांदी कुठेच जात नाही, ग्रॅमला ग्रॅम शिल्लक राहते. तो कुठे घडला, कोणाच्या हातचा, कोणासाठी, हे मात्र कायमचं पुसलं जातं. त्याचा बॅकअप नसतो.

म्हणून एकच सांगणं. तुमच्या घरी आजीचा करंडा, समई, अत्तरदाणी, काहीही असू द्या. मोडायची वेळ आलीच तर मोडा, गरज कोणाला चुकली आहे? पण आधी मोबाईल काढा. चारही बाजूंनी फोटो घ्या, तळाचा शिक्का घ्या, आणि आजीला विचारून दोन मिनिटांचा ऑडिओ करा: कुठून आणलं, कोणी घडवलं. भाव सराफ सांगेल. घडणावळीची गोष्ट तुम्हालाच जपावी लागेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!