तीन पानांचा शोधनिबंध

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. बढतीची वेळ आली की डॉक्टर मंडळी आपल्या शोधनिबंधांची यादी करून घ्यायला माझ्याकडे येत. एकूण निबंध किती, त्यातल्या कितींवर पहिलं नाव, एवढं मी मोजायचो. आत काय लिहिलंय ते क्वचितच वाचायचो. डॉ. मोहम्मद अझीझ यांचे निबंध मात्र वाचले, आणि त्याला कारण माझीच एक चूक.

मे २०२१. गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली होती. कोविडसाठी हे औषध चाचण्यांबाहेर वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्चमध्येच सांगितलं होतं. ते आमच्या घरापर्यंत पोचलं नाही, गोळी पोचली. माझी मोठी बहीण नागपूर जिल्ह्यात राहते. तिथे २०१९ मध्ये हत्तीरोगाच्या मोहिमेत हीच गोळी इतर दोन औषधांबरोबर दिली गेली होती, त्यामुळे तिला ती ओळखीची. भाच्यानं फोनवर विचारलं, "मामू, अम्मीला देऊ का?" मी म्हणालो, "दे की, नोबेल मिळालेलं औषध आहे." गोळी घेऊन आपा निर्धास्त झाली. ताप आला तरी चार दिवस तपासणी टाळली. शेवटी ऑक्सिजन लावावा लागला. वाचली.

नंतर मी शोधायला बसलो, की या गोळीबद्दल मुळात लिहिलंय कोणी आणि काय? हाती आला १९८२ च्या 'लॅन्सेट'मधला निबंध, पृष्ठं १७१ ते १७३. पहिलं नाव अझीझ.

हे गृहस्थ आजच्या बांगलादेशातले, मर्क कंपनीत संशोधक, आफ्रिकेत काम केलेले. तिथे वेगानं वाहणाऱ्या नद्यांच्या काठी एक काळी माशी असते. तिच्या चाव्यातून एक जंत शरीरात जातो, कातडीखाली गाठी करून दहा-दहा वर्षं राहतो. त्याची असंख्य सूक्ष्म पिल्लं कातडीत आणि डोळ्यांत फिरतात. ती डोळ्यात मरतात तेव्हा सूज येते, आणि असं वर्षानुवर्षं झालं की दृष्टी जाते. तेव्हा त्यावर डीईसी हे औषध होतं. आपल्याकडे हत्तीरोगावर देतात तेच. पण ते पिल्लांना एकदम मारायचं, आणि त्या माऱ्यात कधी डोळाच अधिक बिघडायचा.

आयव्हरमेक्टिन तेव्हा जनावरांचं औषध. घोड्यांमधल्या अशाच जंतावर ते चालतं, हे कॅम्पबेल यांच्या ध्यानात आलं होतं. माणसाला द्यायचं तर कसं? अझीझ यांनी सेनेगलमध्ये बत्तीस माणसं घेतली, आणि ज्यांच्या डोळ्यांपर्यंत रोग पोचलेला नाही अशीच घेतली. सुरुवात किलोमागे ५ मायक्रोग्रॅमनं, मग चढत ५० पर्यंत. कातडीचा कणभर तुकडा काढून पिल्लं मोजायची, महिन्यांनी पुन्हा मोजायची. तीन पानांत मोठा दावा एकही नाही. ते वाचताना मला फोनवरचं माझं "दे की" आठवत राहिलं.

डोळ्यांचा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला होता, सोडला नव्हता. १९८५ मध्ये लायबेरियातल्या रुग्णांवर आयव्हरमेक्टिन आणि डीईसी यांची तुलना प्रसिद्ध झाली, ती नेत्रतज्ज्ञांना बरोबर घेऊन. डीईसीनं डोळ्यांना जो त्रास व्हायचा, तो नव्या औषधानं झाला नाही. मोठे जंत मात्र यानं मरत नाहीत, म्हणून गोळी वर्षानुवर्षं द्यावी लागते. या निबंधावर अझीझ यांचं नाव मधेच कुठेतरी आहे. आमच्या बढतीच्या तक्त्यात त्याला कमी गुण पडले असते!

ऑक्टोबर १९८७ मध्ये कंपनीनं या रोगासाठी औषध लागेल तेवढं, लागेल तोवर फुकट देण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अझीझ कर्करोगानं गेले. २०१५ चं नोबेल कॅम्पबेल आणि ओमुरा यांना मिळालं. गेलेल्या माणसाला ते देत नाहीत.

निबंधांच्या प्रती मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्यात. इथे दोन डॉक्टर बसले आहेत. माझं कुठे चुकलं असेल तर त्यांनी आत्ताच, सगळ्यांसमोर दुरुस्त करावं.